फेअरी क्वीन : दीडशे वर्षांच्या इंजिनाचे जतन

‘फेअरी क्वीन’ या नावाने ओळखले जाणारे वाफेचे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात तयार झाले. किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन या कारखान्याने ते ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीसाठी बांधले आणि त्याच वर्षी ते जहाजातून कलकत्त्याला उतरले. कंपनीच्या नोंदवहीत ते नुसते ‘क्रमांक २२’ होते. नाव मिळायला चाळीस वर्षे जावी लागली. ‘फेअरी क्वीन’ हे नामकरण झाले १८९५ साली, म्हणजे इंजिनाची उमेदीची वर्षे संपत आल्यावर. त्यानंतर ते मोडीत निघाले नाही, हीच पहिली नवलाची गोष्ट. १९९७ साली तेच इंजिन स्वतःच्या वाफेवर पुन्हा मुख्य मार्गावर धावले, ही दुसरी. भारतातल्या रेल्वे वारशाच्या जतनाचा इतिहास सांगायचा तर या एका इंजिनाच्या आधाराने तो बराचसा सांगता येतो.

पूर्वेकडच्या रेल्वेचा आरंभ अडचणींनी भरलेला होता. मुंबईत बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. बंगालमध्ये त्याच सुमारास गाडी सुरू व्हायची होती. पण डबे घेऊन येणारे ‘गुडविन’ हे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडाले आणि इंजिने आणणारे जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला जाऊन पोहोचले. वाटेतले चंद्रनगर फ्रेंचांच्या ताब्यात असल्याने त्यांच्या परवानगीचा घोळ वेगळाच. अखेर डबे कलकत्त्यातच बांधून घेतले गेले आणि १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी हा २४ मैलांचा मार्ग खुला झाला. पुढच्याच फेब्रुवारीत रूळ राणीगंजच्या कोळसा खाणींपर्यंत गेले. क्रमांक २२ चे इंजिन या वाढत्या मार्गासाठी आले होते. हावडा–राणीगंज दरम्यान टपालाच्या हलक्या गाड्या ओढणे हे त्याचे पहिले काम.

त्याची बांधणी त्या काळाच्या रीतीप्रमाणे होती. पुढे वाहक चाकांची एक जोडी, मध्ये मोठी चालक चाके, मागे पुन्हा वाहक चाके. रेल्वेच्या भाषेत ही २-२-२ रचना. चालक चाकांचा व्यास ६ फूट. सिलिंडर दोन आणि दोन्ही चौकटीच्या बाहेरच्या अंगाला. प्रत्येकाचा व्यास १२ इंच आणि दट्ट्याची धाव २२ इंचांची. शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती, वजन २६ टन. सुमारे ३,००० लिटर पाणी मावणारी टाकी इंजिनाच्या पोटाखाली बसवलेली. रूळ भारतीय ब्रॉडगेजचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. मोठ्या चाकाचा फायदा वेगात होतो. सहा फुटी चाकाचा एक फेरा पूर्ण झाला की इंजिन जवळजवळ १९ फूट पुढे सरकते, त्यामुळे दट्ट्यांना फार घाई करावी लागत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला साधारण ११६ फेरे पुरतात.

तोटा मात्र ओढण्याच्या ताकदीत होता. इंजिनाच्या एकूण वजनातला जेवढा भाग चालक चाकांवर पडतो तेवढीच त्यांची रुळांवरची पकड. एकच चालक जोडी असली तर भारी गाडीला, चढावर किंवा पावसाने ओल्या झालेल्या रुळांवर ती जागच्या जागी गरगरते. सपाट बंगालमध्ये टपालाच्या चार डब्यांसाठी हे चालून गेले. गाड्या लांबल्या तशी चार, सहा, आठ चाके दांड्यांनी जोडलेली इंजिने आली आणि एकट्या चालक जोडीचे दिवस भराभर सरले.

त्या पिढीच्या इंजिनांवरचे काम कसे चाले, याची एक बाब सहसा सांगितली जात नाही. बॉयलरमध्ये वाफेचा दाब असताना बाहेरून पाणी आत ढकलणारा इंजेक्टर १८५५ साली अस्तित्वातच नव्हता. फ्रान्सच्या हेन्री गिफार्डने त्याचे पेटंट १८५८ साली घेतले. तोवर पाणी भरण्याचे काम इंजिनाच्याच हालचालीवर चालणारे पंप करत. म्हणजे चाके फिरली तरच पाणी आत जाणार. गाडी फलाटावर फार वेळ खोळंबली आणि बॉयलरमधले पाणी उतरू लागले, तर ड्रायव्हरला इंजिन सोडवून रिकाम्या रुळावर पुढे-मागे फेऱ्या मारून पाणी भरून घ्यावे लागे. फायरबॉक्सच्या छतावरचे पाणी ओसरले तर धातू लाल होऊन खाली बसतो आणि स्फोट होतो, त्यामुळे या फेऱ्या टाळण्याची सोय नव्हती. ड्रायव्हर आणि फायरमन उघड्यावर उभे असत. उन्हातान्हात, पावसाळ्यात, समोर भट्टीची धग घेत हे काम करणाऱ्या माणसांच्या नोंदी मात्र इंजिनांच्या नोंदींइतक्या जपल्या गेल्या नाहीत.

१८५७ च्या उठावात कंपनी सरकारने या इंजिनाला सैन्याच्या गाड्या ओढायला लावले. रूळ तेव्हा राणीगंजला संपत होते. पलटणी तिथवर आगगाडीने आणि पुढे बैलगाड्यांनी जात. कित्येक दिवसांची पायपीट काही तासांवर आल्याचा लाभ इंग्रजांना झाला, आणि रेल्वेचे जाळे पसरवण्याची त्यांची निकड याच अनुभवाने वाढली. वारसा म्हणून मिरवताना या इंजिनाचा हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तो त्याहून अधिक ठळकपणे सांगायला हवा. पुढे नव्या, भारी इंजिनांनी त्याची जागा घेतल्यावर ते बिहारमध्ये मार्ग उभारणीच्या कामावर गेले. खडी, रूळ, स्लीपर वाहणाऱ्या गाड्या ओढत ते १९०९ पर्यंत कामात राहिले. चोपन्न वर्षांची नोकरी इंजिनाच्या मानाने लांबलचक.

निवृत्त इंजिनाचे पुढे काय होते, याचे त्या काळचे सरळ उत्तर भंगार हे होते. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. बोरीबंदरची पहिली गाडी तीन इंजिनांनी ओढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी व्हल्कन फाउंड्रीने पाठवलेल्या आठ इंजिनांपैकी ती होती. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही त्यांची नावे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. इंजिन मात्र एकही उरले नाही. त्याच्याही आधी, १८५२ साली, मार्गबांधणीच्या ठेकेदारांनी मुंबईत आणलेले ‘फॉकलंड’ हे इंजिन पाहायला लोकांची झुंबड उडत असे, तेही गेले. लोखंड, तांबे आणि पितळ यांना बाजारात किंमत होती, जुन्या इंजिनाला नव्हती. आशियातली पहिली प्रवासी गाडी ओढणाऱ्या इंजिनाचा एक बोल्टही आज मुंबईत दाखवता येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

क्रमांक २२ वाचले ते कुणीतरी ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर ठेवण्याचे ठरवल्यामुळे. तिथे ते ३४ वर्षे उभे होते. १९४३ साली ते उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत हलवण्यात आले. रेल्वेत नव्याने भरती झालेल्या मुलांना जुन्या इंजिनाची रचना समजावून देण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. चौथरा आणि शाळेचे आवार या दोन जागांनी ते वाचवले, असे म्हणता येईल. पण उघड्यावरच्या इंजिनाला पाऊस आतून पोखरतो. धुरांड्यातून पडणारे पाणी खालच्या पेटीतल्या राखेत मुरते. कोळशाच्या राखेत गंधक असते; पाण्याशी मिळून ते पत्रा खाते. वरून दरवर्षी रंग चढत राहतो आणि इंजिन धडधाकट दिसते. भारतातल्या कित्येक स्थानकांबाहेर आणि विभागीय कचेऱ्यांसमोर उभी असलेली इंजिने अशीच आहेत: बाहेरून चकचकीत, आतून चाळण.

स्वातंत्र्यानंतर जतनाचा विचार सरकारी पातळीवर यायला दोन दशके लागली. नवी दिल्लीत चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची कोनशिला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते १९७१ साली बसवली गेली आणि संग्रहालय १९७७ साली खुले झाले. या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांचा मोठा वाटा होता. ते भारतात एका रसायन कंपनीत अधिकारी होते आणि जुन्या इंजिनांचा नाद त्यांना होता. पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी विलक्षण गाडी १९२७ च्या सुमारास बंद पडली होती. तिचे इंजिन सरकारी आवारात गंजत पडलेले सॅटो यांना १९६२ साली आढळले. ते अमृतसरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन संग्रहालयात आले. राजपुताना-माळवा रेल्वेच्या अजमेर कारखान्यात १८९५ साली बांधलेले एफ-७३४ हे भारतात तयार झालेले पहिले इंजिन, आणि फ्रान्समध्ये १८६२ साली बांधलेले ‘रामगोट्टी’ हेही याच संग्रहात आहेत. रामगोट्टीची कथा गमतीची आहे: बंगालच्या एका छोट्या मार्गावर सेवा संपल्यावर ते कलकत्ता महापालिकेच्या कचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांना जुंपले गेले होते. कचऱ्याच्या कामाला लागल्यामुळेच ते भंगारात गेले नाही.

क्रमांक २२ ला १९७२ साली राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि चंदौसीहून ते दिल्लीच्या संग्रहालयात आले. तिथे ते छताखाली ठेवलेली एक मौल्यवान वस्तू झाले. त्याला पुन्हा वाफ मिळेल असे तेव्हा कुणाच्या मनात नसावे.

दरम्यान बाहेर रुळांवर वाफेचे युगच मावळत होते. साठच्या दशकात भारतीय रेल्वेकडे दहा हजारांहून अधिक वाफेची इंजिने होती. चित्तरंजन कारखान्याने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर काढले आणि त्याला नाव दिले ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली. मीटरगेजवर ती आणखी काही वर्षे रेंगाळली. महाराष्ट्रात यवतमाळ–मूर्तिजापूरच्या अरुंद मार्गावर, जिला लोक शकुंतला म्हणतात त्या गाडीला, १९९४ पर्यंत वाफेचेच इंजिन होते. भुसावळ, इगतपुरी, पुणे, सोलापूर, दौंड या गावांची एक पिढी लोको शेडच्या भोंग्यावर जगत आली होती. शेड डिझेल आणि विजेची झाली तेव्हा इंजिनांबरोबर एक अख्खे कसब निवृत्त झाले. फावड्याने कोळसा पसरून भट्टीत आगीचा थर सारखा ठेवणारा फायरमन, शिशाचा मिश्रधातू ओतून बेअरिंग घडवणारा फिटर, आवाजावरून झडपांची वेळ चुकल्याचे ओळखणारा मिस्त्री ही माणसे एकदम दुर्मिळ झाली. फेअरी क्वीन पुन्हा चालवण्याचा निर्णय याच वेळी झाला, आणि ती वेळ अगदी शेवटची होती. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर ते काम करणारे हात मिळणे कठीण होते.

दुरुस्ती चेन्नईच्या पेरंबूर कारखान्यात झाली. मद्रास रेल्वेच्या काळापासूनचा, १८५६ चा हा कारखाना. १९९६-९७ मध्ये तिथे इंजिन सुटे करून पुन्हा जोडण्यात आले. अशा कामाची साधारण रीत ठरलेली असते आणि तिच्यात सर्वांत मोठा प्रश्न बॉयलरचा असतो. इंजिनाचे बाकीचे सगळे भाग बिघडले तर गाडी थांबते. बॉयलर बिघडला तर माणसे मरतात. म्हणून आधी बाहेरचे आवरण आणि उष्णता राखणारे अस्तर काढून पत्रा उघडा केला जातो. पत्र्याची जाडी जागोजागी मोजली जाते. पूर्वी हातोडीच्या नादावरून अंदाज घेत, आता ध्वनिलहरींच्या यंत्राने. फायरबॉक्स आणि बाहेरचा कवच-पत्रा यांच्यामध्ये पाण्याची जागा असते आणि दोन्ही पत्रे शेकडो आडव्या खिळ्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. रेल्वेत त्यांना ‘स्टे’ म्हणतात. तुटलेला स्टे बाहेरून दिसत नाही. एकाशेजारचा दुसरा, दुसऱ्याशेजारचा तिसरा असे तुटत गेले की पत्रा फुगतो. त्यामुळे प्रत्येक स्टे ठोकून, ऐकून तपासावा लागतो.

मग नळ्या. भट्टीतला धूर बॉयलरमधून आरपार गेलेल्या नळ्यांतून धुरांड्याकडे जातो आणि जाताना भोवतालच्या पाण्याला उष्णता देतो. क्षारांचे थर, आतली राख आणि गंज यांनी नळ्या पातळ होतात, म्हणून मोठ्या दुरुस्तीत त्या बहुधा सगळ्याच बदलतात. नवी नळी दोन्ही टोकांच्या पत्र्यांतल्या भोकांत घालून तिचे तोंड आतून रुंदावून घट्ट बसवतात, आणि भट्टीकडची कड वळवून पत्र्यावर बसवतात. हे काम कारागिराच्या मनगटाचे आहे. कमी रुंदावली तर गळते, जास्त रुंदावली तर पत्र्याला तडा जातो.

नळ्या बसल्यावर बॉयलरची परीक्षा होते आणि ती वाफेने नव्हे, थंड पाण्याने. बॉयलर काठोकाठ भरून पंपाने त्यातला दाब कामाच्या दाबाच्या बराच वर नेतात. पाणी दाबले तरी आकसत नाही, म्हणून त्यात शक्ती साठत नाही. कुठे फट असली तर पाण्याची पिचकारी उडते आणि दाब उतरतो, एवढेच. तीच फट वाफेच्या दाबाखाली उघडली तर बॉयलर फाटतो. पाण्याची परीक्षा उतरल्यावरच चूल पेटते. पहिली आग मंद ठेवतात. कित्येक टनांचा धातू सगळीकडे सारखा तापायला हवा. एका बाजूला झपाट्याने तापला तर सांधे ढिले होतात. थंड इंजिनाला वाफ यायला म्हणूनच अनेक तास लागतात, आणि सकाळच्या गाडीसाठी माणसे आदल्या दिवशीच कामाला लागलेली असतात. फायरबॉक्सच्या छतात शिशाचे बूच असलेला एक प्लग असतो. पाणी धोक्याच्या खाली गेले की शिसे वितळते आणि वाफ भट्टीत सुटून आग विझवते. साधी युक्ती, पण अनेक जीव वाचवलेली.

चाके, सिलिंडर आणि झडपा यांचे काम त्यामानाने निर्धोक, तरी किचकट. सिलिंडर गोल राहिलेला नसतो; त्याला आतून पुन्हा कातून दट्ट्याला नव्या कड्या बसवाव्या लागतात. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. १८५५ च्या इंजिनाचा बोल्टसुद्धा आजच्या मापाचा नसतो; आटे वेगळे, धातू वेगळा. जुन्या भागावरून लाकडी साचा घडवायचा, ओतकाम करायचे, लेथवर उतरवायचे, बसवून पाहायचे आणि बसला नाही तर पुन्हा घडवायचे असा हा व्यवहार. मूळ आराखडे हाती नसतील तर इंजिन हाच आराखडा.

१८ जुलै १९९७ रोजी फेअरी क्वीन ८८ वर्षांनी मुख्य मार्गावर धावले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यापासून दिल्ली ते राजस्थानातल्या अलवारपर्यंत पर्यटकांची गाडी सुरू झाली. अंतर १४३ किलोमीटर, प्रवासी साठाच्या आत, मुक्कामात सरिस्काच्या जंगलाची भेट. इंजिनाच्या टाकीतले पाणी एवढ्या पल्ल्याला पुरणारे नव्हते. स्थानकांवरची पाणी पाजण्याची जुनी व्यवस्था डिझेल आल्यावर काढून टाकली होती, त्यामुळे वाटेत पाण्याची सोय मुद्दाम करावी लागे. १९९८ साली गिनेस बुकाने नियमित सेवेतले जगातले सर्वांत जुने इंजिन म्हणून त्याची नोंद घेतली. ‘नियमित सेवेतले’ हे विशेषण इथे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने १८३१ चे ‘जॉन बुल’ हे इंजिन १९८१ साली स्वतःच्या वाफेवर चालवून दाखवले होते. पण ते तेवढ्यापुरते.

जॉन बुलच्या मालकांनी ते पुन्हा काचेच्या घरात का ठेवले, हा प्रश्न जतनाच्या मुळाशी जातो. चालणारे इंजिन झिजते. नळ्या बदलतात, कड्या बदलतात, एके दिवशी बॉयलर बदलतो. शंभर वर्षांनी त्यात मूळचे किती उरले असे विचारले, तर उत्तर अवघडून द्यावे लागते. म्हणून स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या इंजिनाला ब्रिटिशांनी संग्रहात आल्यावर पुन्हा कधी पेटवले नाही, त्याची चालती प्रतिकृती १९७९ साली बांधली. यात तथ्य आहे. रॉकेट हा पुरावा आहे. त्याच्या पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा अभ्यासकाला काही सांगतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाफेचे इंजिन त्याच्या उभ्या धातूवरून अर्धेच कळते. दुसऱ्या अर्ध्याला आग, पाणी आणि ते सांभाळणारी माणसे लागतात, आणि कसब वापरात नसले तर दोन पिढ्यांत पुसले जाते. फेअरी क्वीनच्या बाबतीत तर हा युक्तिवाद अधिक लागू पडतो. चोपन्न वर्षांच्या नोकरीत त्याचे कितीतरी भाग आधीच बदलले गेले असणार. अस्पर्श मूळ रूप असे काही १९०९ सालीही शिल्लक नव्हते.

ब्रिटनमध्ये ही जबाबदारी हौशी मंडळांनी उचलली. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि पुढे त्या देशात असे शंभरावर मार्ग उभे राहिले. वेल्समध्येच बॅरी या गावच्या एका भंगारवाल्याने घेतलेल्या इंजिनांपैकी तब्बल २१३ लोकांनी वर्गणी काढून सोडवून नेली. भारतात मालक रेल्वे, कारखाना रेल्वेचा, रूळ रेल्वेचे आणि निर्णयही रेल्वेचा. त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याला आस्था असली की काम होते आणि त्याची बदली झाली की थंडावते. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–सिमला (२००८) या डोंगरी मार्गांना युनेस्कोचे नाव मिळाल्यावर हे चित्र काहीसे पालटले; तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीसाठी २०११ पासून नवी वाफेची इंजिनेच बांधून दिली.

महाराष्ट्राच्या वाट्याला या जतनाचा लाभ तुटपुंजा आला. बार्शी लाइट रेल्वे हे मोठे उदाहरण. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुळांचा हा मार्ग १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केला. हलके रूळ, पण आसांवरचा भार सगळीकडे सारखा ठेवून गाडी मात्र भारी ओढायची, ही त्याची कल्पना जगभर अभ्यासली गेली. तिच्यासाठी आठ जोडचाकांची पहिली इंजिने लीड्सच्या त्याच किटसन कारखान्यातून आली, जिथे फेअरी क्वीन घडले होते. नंतर मार्ग पंढरपूर, लातूरपर्यंत गेला आणि वारीच्या दिवसांत डब्यांच्या टपांवर माणसे दिसू लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. वाहतुकीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण एखादा छोटा तुकडा इंजिनासह राखला असता तर सोलापूर जिल्ह्याला ते परवडले असते.

कॅलथ्रॉपचाच सल्ला नेरळ–माथेरानच्या दोन फुटी मार्गालाही होता. पीरभॉय घराण्याने पैसा घालून तो १९०७ साली सुरू केला. अवघड वळणांसाठी चाकांचे आस आडवे सरकतील अशी चार इंजिने जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोप्पेल कारखान्याने बांधली. ती १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत घाट चढत होती. आता त्यांतले एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे आणि एक समुद्रापार इंग्लंडमध्ये. नागपुरात मोतीबाग येथे २००२ साली सुरू झालेले अरुंद मार्गांचे संग्रहालय सातपुड्याच्या गाड्यांची आठवण राखून आहे.

फेअरी क्वीनची नंतरची वाटचाल सरळ झाली नाही. २०११ च्या सुमारास इंजिनाचे अनेक भाग चोरीला गेल्याचे उघडकीला आले. तांब्या-पितळेचा मोह शंभर वर्षांनीही कमी झालेला नव्हता. इंजिन पुन्हा पेरंबूरला गेले, २०१२ च्या अखेरीस दुरुस्त होऊन परतले आणि ११ फेब्रुवारी २०१७ रोजी दिल्ली कॅन्टोन्मेंट ते रेवाडी या छोट्या पल्ल्यावर पर्यटकांना घेऊन निघाले. दरम्यान पेरंबूरच्याच कारागिरांनी त्याचे जुळे भावंड उठवले होते. ईस्ट इंडियन रेल्वेचे क्रमांक २१ चे इंजिन, तेही १८५५ चे, जमालपूर कारखान्यात आणि हावड्याला शंभर वर्षे नुसते उभे होते. २०१० साली ते दुरुस्त झाले आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी चेन्नईत धावले. आजच्या डब्यांना चालावेत म्हणून त्याला हवेच्या दाबावरचे ब्रेक बसवले आहेत, जे मूळ इंजिनात असण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांतले थोरले कोण, यावर रेल्वेप्रेमींत वाद चालतात. वर्ष एकच असल्याने ते मिटण्यासारखे नाहीत.

फेअरी क्वीनचा मुक्काम रेवाडीला असण्याला कारण आहे. हरियाणातल्या या गावची लोको शेड १८९३ ची. वाफेचे युग संपल्यावर ती ओस पडली होती. २००२ साली डागडुजी करून ती पुन्हा पेटती केली गेली आणि २०१० साली वारसा केंद्र म्हणून खुली झाली. चित्तरंजनला १९६५ साली बांधलेले डब्ल्यूपी वर्गाचे ‘अकबर’ आणि त्याच्यासारखी इतर इंजिने तिथे चालू स्थितीत आहेत. ‘भाग मिल्खा भाग’सारख्या चित्रपटांत ती दिसतात, आणि चित्रीकरणाच्या भाड्यातून शेडच्या खर्चाला थोडा हातभार लागतो. शेडचे काम जुन्या शिस्तीने चालते: ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून झाकणे उघडायची, आत साचलेला गाळ दाबाच्या पाण्याने धुऊन काढायचा, प्लग तपासायचा, नव्याने पाणी भरायचे. त्याला ‘वॉशआउट’ म्हणतात. निवृत्त झालेले जुने ड्रायव्हर आणि फिटर यांच्या हाताखाली तरुण कर्मचारी हे काम शिकतात, आणि आगीचा थर किती जाड ठेवायचा हे त्यांना फावडे हातात घेऊनच शिकावे लागते.